खुबा

एक्स-रे उजेडाच्या पाटीला लावला
तेव्हा डॉक्टर मगदींच्या आधी मीच बोललो:
बेअरिंग गेलं.
पंचवीस वर्षं हिद्दच्या गोदीत
जहाजांच्या पोटात शिरून हेच बघतोय साहेब.
गोळा झिजला, वाटी खरवडली,
ग्रीस कुठेच नाही.
ते हसले. म्हणाले, मग पार्ट बदलू.
गॅरंटी?
वीस वर्षं, उड्या मारल्या नाहीत तर.
चौपन्न आणि वीस, मी मनात बेरीज केली.
पुरे की.

मंदाला फोनवर सांगितलं,
उजवा खुबा बदलतायत.
दाभोळला लाइट गेलेली, आवाज तुटत होता,
तिला ऐकू आलं, खुबे.
म्हणाली, तिकडे मिळतात? केवढ्याला वाटा?
मग तिची तीच गप्प झाली.
आम्ही दोघं एकाच खाडीत
ओहोटीला अंगठ्याने चिखल चाचपत
खुबे काढायचो. ती माझ्या दुप्पट.
हाडाला हे नाव ज्याने दिलं
तो खाडीकाठचाच असणार:
दोन शिंपा, आत मऊ जीव,
आणि उघडायचा तर विळीच लागते.

पाठीत सुई दिली, कमरेखाली मी उरलो नाही.
हिरव्या पडद्यापलीकडून हातोडी ऐकू आली.
हातोडी मला कळते.
अर्ध्या किलोची, मुरलेल्या हातातली:
दोन हलके, एक भरीव.
चुकला असता तर मी तिथूनच ओरडलो असतो.

जुना गोळा कुठे, मी नर्सला विचारलं.
जाळतात, ती म्हणाली, आणि थर्मामीटर तोंडात घातला.
म्हणजे माझ्या अस्थींतली एक आगाऊच गेली,
ना पिंड, ना कावळा.
कावळे इथेही आहेत,
पण शिवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंय?

फिजिओवाली लोर्ना, मनिलाची.
शुवैय्या, शुवैय्या म्हणत
चार पायांच्या घोडीमागून मला चालवते.
कॉरिडॉरच्या बावीस फरश्या.
पहिल्या दिवशी चार.
मांडी घालायची नाही, ती म्हणाली.
कधीपर्यंत?
कभी नहीं.
एवढं हिंदी तिने पाठ करून ठेवलंय.

मुहर्रकच्या खोलीत अकरा वर्षं
आम्ही मांडीला मांडी लावून जेवलो,
बीरबहादूर, सलीमुल्ला, कोट्टयमचा जोजी, मी,
मध्ये पेपर, पेपरवर भाताचा टोप.
आता मला खुर्ची.
पहिल्या रात्री तेही खाली बसेनात,
ताटं हातात घेऊन पलंगांच्या कडेला टेकले,
परक्याच्या लग्नात आल्यासारखे.
मी चिडलो. खाली बसा रे,
मी काय कंपनीचा मालक आहे?
बसले.
आणि वरून मला दिसलं,
सलीमुल्लाच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडलंय,
जुन्या आठ आण्याएवढं.
इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.
त्याला सांगितलं नाही.
त्याने मान न वळवताच हात वर केला
आणि माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात ठेवला.

कंपनीचं पत्र आलंय: हलकं काम.
स्टोअरमध्ये बसून नट मोजायचे.

सातव्या आठवड्यात काठी घेऊन
अराडच्या किनाऱ्यापर्यंत गेलो.
समुद्र लांब गेलेला, चिखल उघडा,
वास तोच.
वाकायचं नाही, ठाऊक आहे.
डावी चप्पल झटकली,
सगळं वजन नव्या पार्टवर टाकलं
आणि अंगठा चिखलात घातला.
थोड्या वेळाने काहीतरी कडक लागलं.
दगड असेल.
असेलही. काढणार कसा?
पाय त्याच्यावर ठेवून उभा राहिलो,
हरवायला नको म्हणून,
जोजीचा फोन येईपर्यंत.